बोटीतली बॅटरी कोणती घ्यायची? अँपिअर-तास शिकवण्यासाठी एक खराखुरा प्रश्न



विजेच्या गणितात आपण मुलांना वर्षानुवर्षं एकच नमुना देत आलो आहोत. 60 वॅटचा दिवा रोज 5 तास लावला तर महिन्याला किती युनिट वीज लागेल? मुलं गुणाकार करतात, हजाराने भागतात, उत्तराखाली दोन रेघा ओढतात आणि विषय संपतो. उत्तर चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही, कारण भिंतीतल्या प्लगमधून वीज येतच राहते. म्हणून आज एक असा प्रश्न देतो ज्यात वीज मोजून साठवावी लागते आणि हिशेब चुकला तर चारशे पौंडांच्या बॅटऱ्या वर्षभरात भंगारात जातात.

प्रश्न इंग्लंडमधल्या कालव्यांवरच्या बोटींचा आहे. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर कालवा म्हटलं की धरणाचा डावा कालवा, उजवा कालवा आणि उसाला सोडलेलं पाणी येतं. त्यामुळे आधी दोन मिनिटं चित्र उभं करा. इंग्लंडमधले हे कालवे शेतीसाठी नव्हते. 1760 च्या दशकापासून कोळसा आणि मालाची वाहतूक करण्यासाठी ते खणले गेले. चढ-उतार पार करायला जागोजागी लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. पाणी भरलं की बोट वर, सोडलं की खाली. पुष्कळ कालव्यांवर हे हौद जेमतेम 7 फूट रुंद आहेत, म्हणून बोटीही तेवढ्याच अरुंद आणि लांबच लांब, काही तर 70 फुटांच्या. त्यांना नॅरोबोट म्हणतात. पूर्वी काठावरून घोडा त्या ओढायचा. आता त्यांत डिझेल इंजिन असतं, माल जवळपास नसतोच, आणि हजारो माणसं या बोटींत घर करून राहतात किंवा सुट्टीत फिरतात.

आता मुद्दा. काठाला बांधलेल्या बोटीला विजेची तार येत नाही. मरीनात, म्हणजे बोटींच्या तळावर, भाडं भरून जागा घेतली असेल तरच प्लग मिळतो. ज्यांना अशी कायमची जागा नाही, त्यांना नियमानुसार साधारण 14 दिवसांनी पुढे सरकावं लागतं. त्यांच्या दिव्यांची, फ्रिजची, पंपाची सगळी भिस्त बॅटऱ्यांवर. इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी, आणि घरखर्चाची वेगळी. या दुसऱ्या प्रकाराला तिकडे लेझर बॅटरी म्हणतात. मुलं हमखास विचारतात, "सर, लेझर म्हणजे किरणांची?" नाही. लेझर म्हणजे इंग्रजीत फुरसत. कॅराव्हॅन आणि बोटी या फुरसतीच्या वस्तू, म्हणून हे नाव पडलं. जो माणूस बाराही महिने बोटीत राहतो त्याला फुरसत कितपत असते, हा वेगळा प्रश्न.

तर या बॅटऱ्या संपल्या आहेत, नव्या घ्यायच्या आहेत. कोणत्या घ्याल? नववीच्या वर्गात विचारलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, "सर, आधीपेक्षा मोठ्या." मोठी माणसंही दुकानात जाऊन हेच सांगतात. हे उत्तर का फसतं, एवढंच या पाठात दाखवायचं आहे.

आधी खर्चाची वही

दुकानात जाण्याआधी एका दिवसाचा वापर काढू. बोटीत 12 व्होल्टची व्यवस्था असते. त्यामुळे वॅटला 12 ने भागलं की अँपिअर मिळतात, आणि अँपिअरला तासांनी गुणलं की अँपिअर-तास. दोघंजण राहतात असं समजा. आकडे वास्तवाला धरून आहेत, फक्त बेरीज सोपी जावी म्हणून किंचित घासूनपुसून घेतले आहेत.

फ्रिज: चालू असताना 4 अँपिअर, पण दिवसाचा तिसरा हिस्साच चालतो, म्हणून 8 तास — 32
पाच एलईडी दिवे, प्रत्येकी 3 वॅट, 5 तास — सुमारे 6
पाण्याचा पंप: 6 अँपिअर, दिवसभरात मिळून अर्धा तास — 3
लॅपटॉप: 50 वॅट, 5 तास, इन्व्हर्टरमधली गळती धरून — 24
दोन मोबाईल — 3
डिझेल हीटरचा पंखा आणि पंप: 3 अँपिअर, 4 तास — 12
12 व्होल्टवर चालणारा छोटा टीव्ही, 3 तास — 8
इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला म्हणून: 1 अँपिअर, 12 तास — 12

एकूण 100 अँपिअर-तास.

शेवटच्या ओळीवर थांबा. काहीही न चालवता इन्व्हर्टर 12 अँपिअर-तास खातो, म्हणजे दिव्यांच्या दुप्पट. मुलांना हे खोटं वाटतं. आणि कुणी विजेची किटली लावायची म्हणालं तर तोही हिशेब करून घ्या: 2000 भागिले 12, म्हणजे 167 अँपिअर, गळती वेगळीच. बोटीत चहा गॅसवर का ठेवतात हे तिथेच कळतं.

110 म्हणजे खरोखर किती?

बॅटरीवर 110 अँपिअर-तास लिहिलेलं असतं. मग दिवसाला 100 लागत असतील तर एक बॅटरी पुरेल? इथे वर्ग दोन तटांत विभागला जातो, आणि तो विभागला जाऊ द्यावा.

लेड-आम्ल बॅटरीवरचा हा आकडा सहसा 20 तासांच्या हिशेबाने दिलेला असतो. 5.5 अँपिअर या दराने 20 तास काढले तर 110. दुप्पट वेगाने, 11 अँपिअरने काढले तर 10 तास मिळायला हवेत, पण मिळत नाहीत. त्याआधीच ती बसते. वेगाने काढलं की एकूण कमी मिळतं, याचं सूत्र पॉयकर्ट यांनी 1897 मध्ये मांडलं. तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या बॅटरीवर 150 Ah च्या शेजारी सी-20 असं काहीतरी छापलेलं दिसेल, त्याचा अर्थ हाच. मुलांना घरी जाऊन ते वाचून यायला सांगा.

शिवाय लेड-आम्ल बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर फार लवकर मरते. म्हणून निम्म्याच्या खाली जायचं नाही असा संकेत आहे. मग दिवसाला 100 हवे असतील तर बॅटऱ्या किमान 200 च्या हव्यात, आणि दोन दिवस इंजिन न लावता बसायचं असेल तर 400 च्या. म्हणून अशा बोटीत 110 च्या चार बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात, एकूण 440.

इथपर्यंत "मोठी घ्या" हे उत्तर बरोबर वाटतं. पाण्याच्या टाकीसारखंच, मोठी टाकी बरी. पण टाकी भरायला नळ लागतो.

नळाचा हिशेब

आठवीच्या विज्ञानात लेड-आम्ल घट मुलांनी पाहिलेला असतो. वीज वापरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं, चार्ज करताना ते पुन्हा विरघळतं. एवढ्यावर पुस्तक थांबतं. पुढची गोष्ट अशी की बॅटरी पूर्ण भरली नाही तर थोडं सल्फेट तसंच राहतं, आणि दिवस गेले की त्याचे कठीण स्फटिक होतात. ते मग सहजी विरघळत नाहीत. टाकीच्या तळाला क्षाराचा थर बसून टाकी लहान व्हावी तसं होतं. बाहेर लेबल 110 चं, आत उरलेले 60.

आता भरायला किती वेळ लागतो ते पाहू. बोटीच्या इंजिनावर 70 अँपिअरचा अल्टरनेटर आहे, बॅटऱ्या निम्म्यावर आहेत. सुरुवातीला साधारण 60 अँपिअर आत जातात असं धरा. 50 टक्क्यांपासून 80 टक्क्यांपर्यंत 132 अँपिअर-तास, म्हणजे सव्वादोन तास. छान. मग राहिलेले 20 टक्के दीड तासात? नाही. इथून पुढे बॅटरीच कमी कमी घेऊ लागते: 40, 25, 15, 8. अल्टरनेटर 70 चा असो की 170 चा, शेवटचा टप्पा चार-पाच तास घेतोच. खच्चून भरलेल्या एसटीत शेवटची दहा माणसं चढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा आधीच्या तीसांनाही लागत नाही, तसं.

म्हणजे एकूण सात तास इंजिन. डिझेल जळतं, आवाज होतो, आणि शेजारी बोटी बांधलेल्या असताना रात्री 8 ते सकाळी 8 वीज बनवायला इंजिन लावू नये असा तिथला नियम आहे. मग माणूस काय करतो? दोन तास इंजिन लावतो, मीटरवर बरा आकडा दिसला की बंद करतो. रोज. बॅटऱ्या 55 ते 80 टक्क्यांमध्ये झुलत राहतात, पूर्ण कधीच भरत नाहीत, आणि वर्ष-दीड वर्षात संपतात. दुकानदार म्हणतो, लहान पडल्या, मोठ्या घ्या. मोठ्या घेतल्या की त्याच नळाने त्या भरायला आणखी वेळ लागतो. दुखणं तिथेच राहतं, फक्त बिल वाढतं.

आपल्या घरच्या इन्व्हर्टरची बॅटरीही याच जातीची. लोडशेडिंगच्या काळात खेड्यापाड्यांत, शहरांत ती घरोघरी आली. पाणी वेळेवर घातलं तर चार-पाच वर्षं सहज टिकते. कारण लाईट गेली तरी पुढे बरेच तास येते, आणि बॅटरी निवांत पूर्ण भरते. बोटीला ही निवांत भरण्याची सोय नाही. बॅटरी तीच असली तरी भरणारा वेगळा, म्हणून आयुष्यही वेगळं.

उन्हाळ्यात सौरपॅनेल हे काम करतं. छतावर आडवं ठेवलेलं 300 वॅटचं पॅनेल दक्षिण इंग्लंडमध्ये जूनच्या एका दिवसात साधारण 100 अँपिअर-तास देऊ शकतं. डिसेंबरात तेच पॅनेल साधारण 10 देतं. दिवस लहान, सूर्य क्षितिजाजवळ. आपल्याकडे ऋतूंमधला फरक इतका टोकाचा नसतो, म्हणून भूगोलाच्या शिक्षकांनी हा आकडा जरूर उचलावा.

खरंच मेल्या आहेत का?

नव्या घेण्याआधी जुन्या तपासायला हव्यात, आणि मुलांना सगळ्यात मजा येते ती यात. बॅटऱ्या भरून, सगळ्या तारा सोडवून, काही तास स्वस्थ ठेवायच्या. मग प्रत्येकीचा व्होल्टेज वेगवेगळा मोजायचा. भरलेली असेल तर 12.6 ते 12.7, निम्मी असेल तर 12.2 च्या आसपास. एखादी 10.5 दाखवत असेल तर? वर्गाला विचारा. आत सहा घट, प्रत्येकी 2.1 व्होल्ट. 12.6 वजा 2.1 म्हणजे 10.5. एक घट मेला! अशी एक बॅटरी समांतर जोडणीत बाकी तिघींना रात्रभर शोषत राहते. ती काढली की उरलेल्या तीन कधी कधी ठणठणीत निघतात.

व्होल्टेज बरोबर असूनही क्षमता गेलेली असू शकते. त्यासाठी 5 अँपिअर ओढणारा दिवा लावून घड्याळ पाहायचं. 110 वाली धडधाकट असेल तर 12.2 पर्यंत उतरायला दहा-अकरा तास जातील. चार तासांतच उतरली तर तिच्यात 40 च उरले आहेत. अचूक माप हवं तर दिवा काढून, थोडा वेळ थांबून मोजावं. अनेक बोटींत टक्केवारी दाखवणारा मीटर असतो, पण तो लेबलवरचा 110 धरून टक्के काढतो, म्हणून म्हातारी बॅटरीही त्याला 100 टक्केच दिसते. जुना मोबाईल सकाळी 100 टक्के दाखवतो आणि दुपारी मान टाकतो, हे मुलांना सांगावं लागत नाही.

त्याच वेळी इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट येतात तेही पाहावं. साधारण 14.4 हवेत. 13.8 च येत असतील तर दोष अल्टरनेटरच्या रेग्युलेटरमध्ये किंवा सैल पडलेल्या तारेत असू शकतो, आणि त्यात नवी बॅटरी लावणं म्हणजे पैसे कालव्यात टाकणं.

मग घ्यायचं काय?

दुकानात पाच-सहा नावं ऐकू येतात. साधी उघडी लेड-आम्ल, जिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. बंद, पाणी न लागणारी. एजीएम आणि जेल, ज्या बंदच असतात पण जास्त दमाच्या. जाड पट्ट्यांच्या 6 व्होल्टच्या, ज्या गोल्फच्या गाड्यांत वापरतात आणि दोन-दोन जोडून 12 करतात. आणि लिथियम आयर्न फॉस्फेट. पहिल्या सगळ्यांचा स्वभाव एकच, त्या पूर्ण भरल्याशिवाय सुखी नसतात. म्हणून खरी निवड दोनच घराण्यांत आहे.

लिथियमची गंमत अशी की ती जवळजवळ भरेपर्यंत सारख्याच वेगाने वीज घेते, आणि अर्धवट भरलेली राहिली तरी तिला काही होत नाही. तिच्यातले 80 टक्के बिनधास्त वापरता येतात. 300 अँपिअर-तासांच्या बँकेतून 240 मिळतात. 40 अँपिअरच्या चार्जरने दिवसाचे 100 अडीच तासांत परत भरतात, आणि एका तासात इंजिन बंद केलं तरी पाप नाही. म्हणजे बोटवाल्याचं जे दुखणं आहे, नेमकं तिथेच औषध.

पण लिथियम थेट अल्टरनेटरला जोडू नये. ती इतकी वीज ओढते की साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो. शिवाय तिच्या आतलं संरक्षक सर्किट अचानक तुटलं तर व्होल्टेजचा झटका बसून अल्टरनेटरचे डायोड जातात. म्हणून मध्ये वीज मर्यादित करणारा डीसी-डीसी चार्जर हवा. शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही, हेही तिथल्या हिवाळ्यात महत्त्वाचं. ती वजनाला हलकी असते अशी जाहिरात करतात, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. नॅरोबोट नीट तरंगावी म्हणून तिच्या तळाशी मुद्दाम फरशा आणि विटा टाकलेल्या असतात!

आता पैसे. आकडे समजा या स्वरूपाचे घेऊ, कारण किमती सतत बदलतात. चार लेड-आम्ल बॅटऱ्या 400 पौंडांना. लिथियम आणि चार्जर मिळून 1500 पौंडांना, टिकतील 12 वर्षं, म्हणजे वर्षाला 125. बोटीतच राहणाऱ्याच्या लेड-आम्ल दीड वर्षात गेल्या तर त्याला वर्षाला 267 पडतात, वरचं डिझेल वेगळं. त्याने लिथियम घ्यावी. शनिवार-रविवारी आणि सुट्टीतच बोटीवर जाणाऱ्याच्या त्याच बॅटऱ्या, मधल्या दिवसांत छोट्या सौरपॅनेलवर भरलेल्या राहिल्या तर पाच वर्षं टिकतात. त्याला वर्षाला 80 पडतात. त्याने 1500 घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्याच्या बोटीला मरीनात कायम प्लग आहे, त्याने तर आणखी कमी क्षमतेच्या घ्याव्यात. एकाच दुकानात, एकाच दिवशी, तिघांसाठी तीन बरोबर उत्तरं. आपल्या परीक्षेत अशा प्रश्नाला जागा नाही, वर्गात मात्र द्यायला काय हरकत आहे?

जोडणीबद्दल थोडं. जुन्या-नव्या बॅटऱ्या एकत्र जोडू नयेत. जुनी नवीला आपल्याबरोबर खाली ओढते. समांतर जोडलेल्या चार बॅटऱ्यांत धन टोकाची मुख्य तार पहिल्या बॅटरीवरून घेतली तर ऋण टोकाची चौथीवरून घ्यावी. दोन्ही पहिलीवरून घेतल्या तर तीच जास्त राबते आणि आधी जाते. तारेचा रोध इतका थोडा असूनही फरक पडतो, हे ओहमच्या नियमाच्या तासाला फळ्यावर काढून दाखवण्यासारखं आहे.

पालकांसाठी एक सूचना, घरच्या इन्व्हर्टरलाही लागू. बॅटरीचं लेबल मुलांना लांबून वाचू द्या, पण टोकांना पाना, अंगठी, कडं लागू देऊ नका. 12 व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण धातूने दोन टोकं जोडली गेली तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अंगठी बोटातच लाल होते. चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून जवळ काडी किंवा उदबत्ती नको. सडक्या अंड्यासारखा वास आला आणि बॅटरी गरम लागली तर चार्जिंग बंद करून खिडक्या उघडा आणि मेकॅनिकला बोलवा.

शेवटी वर्गात द्यायला एक बोट. एकटीच राहणारी बाई आहे, बोट दर 14 दिवसांनी सरकते. लॅपटॉपवर 8 तास काम, फ्रिज नाही, टीव्ही नाही, इन्व्हर्टर काम संपलं की बंद. बाकी वापर वरच्या वहीप्रमाणे, पण दिवे तीनच आणि मोबाईल एकच. छतावर 300 वॅटचं पॅनेल आहे. जूनसाठी आणि डिसेंबरसाठी वेगवेगळा हिशेब करायचा: रोज किती अँपिअर-तास लागतात, त्यातले पॅनेल किती देतं, 40 अँपिअरच्या चार्जरवर इंजिन किती वेळ लावावं लागेल, आणि तिने कोणत्या बॅटऱ्या घ्याव्यात. गटाने करू द्या, साधारण दोन तासिका लागतात.